कीचक, सैरंध्री आणि भारतमाता

ज्या देशांत राज्यकर्त्यांविरुद्ध उघड शब्द उच्चारणें हा गुन्हा ठरतो, त्या देशांतील लोक आपल्या मनांतील गोष्ट पुराणांच्या आडून बोलूं लागतात. इंग्रजी अमलाच्या अखेरच्या सत्तर वर्षांत हिंदुस्थानांत हेंच घडलें. नाटककारानें तें रंगभूमीवर केलें, कीर्तनकारानें देवळाच्या सभामंडपांत केलें, आणि चित्रकारानें घरोघरच्या भिंतींवर केलें. पहिल्या दोघांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिसऱ्याची कामगिरी मात्र ‘देवांच्या तसबिरी’ या सामान्य नांवाखालीं झांकून गेली.

सन १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं आपल्या स्नेह्यांच्या साहाय्यानें पुण्यास चित्रशाळा काढली. ‘निबंधमाला’ सुरू होऊन तेव्हां चार वर्षें झालीं होतीं, आणि ‘केसरी’ निघावयास अद्याप अवकाश होता. ज्या पुरुषानें स्वभाषेचा अभिमान जागविणारे निबंध लिहिले त्यानेंच शिळाछापाचा कारखानाही काढावा, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. निबंधाला साक्षर वाचक लागतो. चित्राला तो लागत नाहीं. चित्रशाळेनें रामपंचायतन छापलें आणि त्याच्या जोडीला नाना फडणविसांसारख्या मराठेशाहींतील कर्त्या पुरुषांचीं चित्रेंही छापलीं. देव आणि पूर्वज एकाच भिंतीवर शेजारीं शेजारीं लागले म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत भक्ति आणि इतिहास यांची सांगड आपोआप पडते. त्यासाठीं व्याख्यानाची गरज उरत नाहीं. शास्त्रीबोवा १८८२ सालीं अकालीं वारले. पुढें चित्रशाळेचा कारभार लोकमान्यांचे निकटचे सहकारी वासुकाका जोशी यांच्या हातीं आला, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

याच सुमारास त्रावणकोरांतील किळिमानूर येथील राजा रविवर्मा यांचें नांव सर्वत्र गाजूं लागलें होतें. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यासाठीं त्यांनीं पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रें काढलीं. राजवाड्यांतील चित्र कितीही उत्तम असलें तरी तें पाहणारे थोडे. म्हणून १८९४ सालीं रविवर्म्यांनीं मुंबईस स्वतःचा छापखाना उभारला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. यंत्रें व कारागीर जर्मनींतून आणविले. एका चित्राला रंगागणिक निराळा दगड लागे. प्रत्येक दगडावर तेवढ्याच रंगाचा भाग उतरवावयाचा, आणि एकच कागद त्या सर्व दगडांवरून फिरवावयाचा. कागद केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर यावयाचा! इतक्या खटपटीनंतर छापून निघालेली लक्ष्मी वा सरस्वती अल्प किंमतींत सामान्य घरापर्यंत पोंचली. ज्यांना देवळाच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकण्याची त्या काळीं मनाई होती, त्यांच्याही झोंपडींत ती गेली. देवाचें दर्शन कोणाच्या परवानगीवांचून घेतां येतें, ही गोष्ट कागदाच्या त्या तुकड्यानें सिद्ध केली. सुधारकांच्या ठरावांनीं इतकें काम इतक्या लवकर केलें नाहीं, असें म्हटल्यास तें फारसें चूक होणार नाहीं.

रविवर्म्यांवर पुढें टीकाही झाली. कलकत्त्याच्या मंडळींना त्यांच्या देवता नाटकी वाटल्या. आनंद कुमारस्वामींसारख्या पंडितांनीं त्यांत भारतीय आत्माच नाहीं असा आक्षेप घेतला. तैलरंगाची पद्धति विलायती आहे, आकृतींचा बांधा विलायती आहे, हें सर्व खरें. परंतु त्यांच्या पुष्कळशा नायिका नऊवारी लुगडें नेसून उभ्या राहिल्या, आणि त्या पाहून मराठी घरांतील बायकांना दमयंती व सीता आपल्या आळींतल्या वाटल्या. पंडितांच्या तराजूंत या गोष्टीला वजन नसेल. लोकांच्या इतिहासांत तें आहे.

त्यांनीं एकाहून अधिक वेळां रंगविलेला एक विषय म्हणजे सैरंध्री. अज्ञातवासांतील द्रौपदीला राणी सुदेष्णा कीचकाच्या महालीं धाडते. जाणें तर भाग आहे, आणि पाऊल तर उचलत नाहीं. असहाय परंतु न वांकलेली अशी ही स्त्री. १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हां प्रेक्षकांना सैरंध्री कोण आणि कीचक कोण हें कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. वंगभंग करणारा मदांध कर्झन त्यांच्या डोळ्यांपुढें होताच. धर्मराजाची सबुरी आणि भीमाचा संताप यांचा वाद हा मवाळ आणि जहाल यांचाच वाद होता. सरकारलाही अर्थ कळला, पण उशिरानें. १९१० सालीं नाटकावर बंदी आली. त्याच वर्षीं जो मुद्रणाचा कायदा झाला, त्यांत ‘लेख’ या शब्दाच्या व्याख्येंत चित्र, रेखाटन आणि छायाचित्र यांचाही समावेश करण्यांत आला होता. तसबिरीच्या सामर्थ्याची याहून स्पष्ट पावती कोणत्या कलाटीकाकारानें दिली असेल?

बंदी आली म्हणून कीचक मेला नाहीं. रविवर्म्यांच्या छापखान्यांत कांहीं काळ काम केलेले दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, आणि तसबिरींतील पुराण चालूं लागलें. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे तर मूळचेच चित्रकार. त्यांच्या १९२० सालच्या ‘सैरंध्री’ या मूकपटांत भीम कीचकाचें मस्तक उडवितो तो देखावा इतका हुबेहूब साधला होता कीं तो कापून टाकावा लागला. लोकमान्यांनीं बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

येथवर जी शक्ति दिसली ती भीमाच्या बाहूंतील होती. तिच्याहून निराळी कल्पना बंगालच्या एका लहानशा चित्रानें मांडली. वंगभंगाच्या त्या १९०५ सालींच अवनींद्रनाथ ठाकूर यांनीं ‘भारतमाता’ काढली. प्रथम तिचें नांव ‘वंगमाता’ होतें असें म्हणतात. बंकिमचंद्रांच्या ‘आनंदमठ’ कादंबरीनें मातृभूमीला देवीरूप देऊन वीस वर्षें उलटलीं होतीं. त्या कादंबरींतील मातेच्या मूर्तींत कालीही होती आणि दशभुजा दुर्गाही होती. अवनींद्रनाथांच्या मातेला चार हात आहेत, यावरून ती देवता आहे हें कळतें. पण त्या चार हातांत खड्ग नाहीं, त्रिशूळ नाहीं, कोणाचें छिन्न मस्तक नाहीं. एका हातांत पोथी, दुसऱ्यांत भाताच्या लोंब्या, तिसऱ्यांत शुभ्र वस्त्र आणि चौथ्यांत जपमाळ. अंगावर भगवें वस्त्र, मस्तकामागें तेजोवलय, पायांशीं पांढरीं कमळें. जपानी चित्रकारांच्या सहवासांत शिकलेल्या पद्धतीनें रंग पाण्यांत असे विरघळविले आहेत कीं आकृति धुक्यांतून वर आल्यासारखी वाटते.

अन्न, वस्त्र, विद्या आणि दीक्षा हीं चार त्या मातेचीं दानें आहेत, आणि स्वदेशीच्या चळवळीचाही सारा कार्यक्रम हाच होता. परदेशी कापड नाकारणाऱ्यानें घरचें कापड विणावयास हवें. सरकारी शाळेवर बहिष्कार घालणाऱ्यानें राष्ट्रीय शाळा काढावयास हवी. स्वातंत्र्य मिळविण्यापूर्वीं त्याला लागणारें सामर्थ्य आपल्या घरांत पैदा करावें, ही गोष्ट या चित्रांत एकही शस्त्र न दाखवितां सांगितली आहे. भगिनी निवेदितांना हें चित्र इतकें आवडलें कीं त्याच्या प्रती केदारनाथापासून कन्याकुमारीपर्यंत प्रत्येक झोंपडींत लागाव्यात अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. तसें कांहीं झालें नाहीं. बाजारांत पुढें ज्या भारतमाता खपल्या त्यांच्या हातीं बहुधा त्रिशूळ किंवा निशाण आलें आणि पायांशीं सिंह आला. अवनींद्रनाथांची निःशस्त्र तपस्विनी लोकांना फार सौम्य वाटली असावी.

शिवाय एक अडचण होतीच. देश हा देवी झाला म्हणजे मूर्तिपूजा न मानणाऱ्या देशबांधवानें तिच्यापुढें कसें उभें राहावें? हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तो टाळून कोणाचेंही हित झालें नाहीं. काशीस शिवप्रसाद गुप्त यांनीं बांधविलेलें आणि १९३६ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें उघडलेलें भारतमातेचें मंदिर पाहिलें म्हणजे या प्रश्नाचें एक प्रामाणिक उत्तर दिसतें. त्या मंदिरांत मूर्ति नाहींच; जमिनीवर संगमरवरांत घडविलेला अखंड हिंदुस्थानचा नकाशा आहे, त्यांत पर्वत उंच आहेत आणि सागर खोल आहेत.

अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल बोस यांनीं गुरूची वाट पुढें नेली. बडोद्यास सयाजीरावांनीं गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठीं कीर्तिमंदिर बांधविलें. त्याच्या भिंती रंगविण्याचें काम नंदलालांकडे आलें. १९३९ सालीं गंगावतरण, पुढल्या वर्षीं मीराबाई, १९४३ मध्यें रवींद्रनाथांच्या नाटकांतील नटीची पूजा, आणि १९४६ च्या सुमारास कुरुक्षेत्र व अभिमन्यूचा वध. विषयांची निवड पाहण्यासारखी आहे. राजघराण्याच्या स्मारकांत चित्रकारानें विजयी राजा एकही काढला नाहीं. भगीरथानें तप केलें, मीरेनें राजकुळ सोडलें, त्या नटीनें राजाज्ञा मोडून बुद्धाची पूजा केली व प्राण दिले, आणि चक्रव्यूहांतून बाहेर पडण्याची विद्या ठाऊक नसतांना अभिमन्यु आंत शिरला. या सर्वांजवळ एकच बळ होतें, आणि तें आंतलें होतें. १९४२ चा लढा नुकताच होऊन गेला होता; तेव्हां ज्यांनीं ही भिंत पाहिली त्यांना अभिमन्यूची ओळख करून देण्याचें कारण पडलें नसेल.

पुढें स्वतंत्र भारताच्या घटनेची हस्तलिखित प्रत सजविण्याचें कामही नंदलाल आणि त्यांचे शांतिनिकेतनांतील सहकारी यांच्याकडेच आलें. त्या प्रतींत अकबर आहे, गुरु गोविंदसिंग आहेत, शिवाजी महाराज आहेत, टिपू आणि झांशीची राणी आहेत, नौखालीकडे निघालेले गांधीजी आहेत. मूलभूत हक्कांचा भाग जेथें सुरू होतो तेथें वनवास संपवून परतणारे राम, लक्ष्मण व सीता आहेत. आणि राज्यानें काय करावें हें सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आरंभीं, धनुष्य टाकलेल्या अर्जुनाला कृष्ण कर्तव्य सांगत आहे. २४ जानेवारी १९५० रोजीं घटनासमितीच्या सभासदांनीं त्या प्रतीवर सह्या केल्या. ती संसदेच्या ग्रंथालयांत जपून ठेवलेली आहे.