यकृतातील मेद आणि व्यायाम

गोदावरीकाठच्या पाथरी तालुक्यात शेतात दिवसभर राबणाऱ्या मनुष्यास व्यायामाचा उपदेश करावा लागत नसे. त्याच घरातील मुलगा शहरी कचेरीत खुर्चीवर बसू लागला, म्हणजे आहार तितकाच राहतो. श्रम मात्र सरतात. उरलेल्या अन्नाचा हिशेब मग देहास ठेवावा लागतो, आणि त्याची एक गुप्त नोंद यकृतात होते.

ही नोंद वैद्यकास फार उशिरा वाचता आली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल पुरुषाचे विवेचन असून व्यायामाचा अभाव हे स्थौल्याचे एक कारण सांगितले आहे. परंतु ती परीक्षा बाह्य देहाची होती. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्य वैद्यांनी मेदाने भरलेले यकृत पाहिले, तेव्हा दोष बहुधा मद्याकडे गेला. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्यपी नसलेल्या २० रुग्णांत तशीच विकृती दाखविली, आणि या व्याधीस स्वतंत्र नाव मिळाले.

कृश मनुष्य तरी निर्धास्त असावा, हा समज पुण्यातून डळमळला. २००४ साली के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण देहातील मेद युडकिन यांचा शेकडा ९.१, तर याज्ञिकांचा २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा व्यायाम, त्यांनी विनोदाने नमूद केल्याप्रमाणे, लिफ्टचे दार मिटण्यापूर्वी धावण्यापुरता. याज्ञिकांचे जन्मवेळचे वजन कमी होते, हेही तेथे सांगितले आहे. हे आकडे सर्व देहाच्या मेदाचे, केवळ यकृताचे नव्हेत. तथापि वजनाचा काटा मेदाची पुरी साक्ष देत नाही, हे त्यांनी ठसविले.

यकृतात शेकडा पाचांहून अधिक मेद साठला की तो विकार मानतात. हा मेद येतो त्वचेखालील व पोटातील साठ्यांतून, अन्नातून आणि यकृताने साखरेपासून केलेल्या निर्मितीतून. चालणाऱ्या वा धावणाऱ्या मनुष्याचे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. इन्सुलिनची गरज घटते. यकृताची मेदनिर्मिती मंदावते आणि पेशींतील साठलेला मेद जळू लागतो. म्हणूनच २००९ साली सिडनीतील संशोधकांस एक आश्चर्य दिसले. स्थूल व्यक्तींनी चार आठवडे सायकलीचा व्यायाम केला. वजन उतरले नाही, पण यकृतातील मेद शेकडा २१ ने घटला.

याचा अर्थ काटा हलला नाही म्हणून व्यायाम सोडणे ही फसगत होय. मात्र व्यायाम थांबला की लाभही ओसरू लागतो; आणि यकृतात व्रण धरून ते कठीण होऊ लागले, तर केवळ चालण्यावर विसंबणे धोक्याचे. आरंभी हा विकार मागे फिरतो, हेच त्यातले मोठे आश्वासन. ते फळास आणावयाचे असेल, तर नित्याचे श्रम पुन्हा दिनचर्येत आणावे लागतात.