चोवीस दिवसांची वाट

श्रावण लागायच्या आधी आपल्याकडे गटारीला जे चालतं, ते युरोपात ११ नोव्हेंबरला चालायचं. तो संत मार्टिनचा सण. सुगी संपलेली, गडीमाणसांचा हिशेब चुकता झालेला, नवी वाइन पिंपात तयार, आणि हिवाळाभर चारा पुरायचा नाही म्हणून जादा जनावरं कापलेली. घरोघरी हंस भाजला जाई. दुसऱ्या दिवसापासून उपास सुरू होणार असत, ते थेट नाताळपर्यंत.

फ्रान्समधल्या तूर शहरात पाचव्या शतकात पर्पेतुअस नावाचा बिशप होऊन गेला. मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपास करायचा, हा नेम त्याने घालून दिला, अशी नोंद शंभरेक वर्षांनी त्याच गादीवर बसलेल्या ग्रेगरीने करून ठेवली आहे. पुढे हा काळ आक्रसत चार रविवारांवर आला. मराठी ख्रिस्ती माणसं त्याला आगमनकाळ म्हणतात. वसई असो की गोवा, या दिवसांत कॅथलिक धर्मगुरूंची वस्त्रं जांभळी असतात आणि रविवारच्या मिस्सेत ग्लोरियाचं स्तुतिगान होत नाही. पूर्वी थाटामाटाची लग्नंही या काळात लागत नसत. धनुर्मासात मुहूर्त न काढणाऱ्या शेजाऱ्यांना यात नवल वाटायचं कारण नाही; डिसेंबरच्या उत्तरार्धात हे दोन्ही काळ एकमेकांत मिसळतातही.

सणाच्या धांदलीत जरा दमानं घ्या, श्वासाकडे लक्ष द्या, असे सल्ले हल्ली डिसेंबर आला की चहूकडून येतात. त्यात चूक काही नाही. पण जुन्या व्यवस्थेने हे काम एकेकट्या माणसाच्या मनोनिग्रहावर सोडलं नव्हतं. पंचांग, स्वयंपाकघर आणि देऊळ या तिन्हींनी मिळून गावाला थांबवलेलं असे. आणि नियम आला की पळवाटही आली.

ड्रेस्डेनच्या श्टोलनची गोष्ट या पळवाटेचीच आहे. आज लोण्याने आणि मनुकांनी गच्च भरलेला हा नाताळचा पाव पंधराव्या शतकात अगदीच बेचव होता, कारण उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य. ऑलिव्ह सॅक्सनीत पिकत नाही. मग मोहरीच्या जातीच्या बियांचं उग्र तेल कणकेत पडायचं. तिथल्या राज्यकर्त्यांनी रोमकडे अर्ज केले. अखेर १४९१ मध्ये पोप आठव्या इनोसंटने लोणी वापरायची मुभा दिली. फुकट नव्हे. खाणाऱ्याने देणगी द्यायची आणि ती फ्रायबर्गच्या कॅथेड्रलच्या कामाला जायची. मार्टिन लुथरने १५२० मध्ये याच तेला-लोण्यावरून रोमला चांगलंच झोडपलं. संयमाला किंमत लावायची सुरुवात दुकानदारांनी केली असं वाटत असेल, तर ते तितकंसं खरं नाही.

लुथरच्या पंथाने सक्तीचे उपास मोडीत काढले. आगमनकाळ मात्र राहिला, आणि एकोणिसाव्या शतकात जर्मनीत नाताळ हा मुलांचा, खेळण्यांचा, झाडाखालच्या भेटींचा सण होऊ लागला तसा थांबण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. आता थोपवायची होती ती मुलांची अधीरता.

हॅम्बर्गजवळच्या हॉर्न गावात योहान हिनरिख विखर्न या तरुण धर्मशिक्षकाने १८३३ मध्ये ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढली होती. गरीब, निराधार, रस्त्यावर वाढलेली मुलं तिथे राहत. डिसेंबर लागला की ‘नाताळ आला का?’ हा त्यांचा धोशा सुरू होई. विखर्नने मुलांना दटावलं नाही. १८३९ मध्ये त्याने गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर वीस छोट्या लाल आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या आणि ते प्रार्थनेच्या जागी टांगलं. त्या वर्षी आगमनकाळाचा पहिला रविवार नेमका १ डिसेंबरला आला होता. रविवारी पांढरी, इतर दिवशी लाल, अशी रोज एक मेणबत्ती वाढायची. डिसेंबरात हॅम्बर्गला दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा अंधारात रोज एका ज्योतीने वाढणारा उजेड, आणि नाताळ किती लांब आहे हे मान वर केली की दिसायचं. पुढे चाकाची जागा फरच्या फांद्यांच्या कड्याने घेतली, चोवीसांच्या चार मेणबत्त्या झाल्या आणि विसाव्या शतकात ते कडं कॅथलिक घरांतही पोचलं.

ज्यांच्याकडे चाक नव्हतं त्यांनी खडू घेतला. दारावर चोवीस रेघा ओढायच्या आणि मुलांनी रोज एक पुसायची. टॉमस मानच्या १९०१ सालच्या ‘बुडेनब्रोक्स’ कादंबरीतला छोटा हानो नाताळ जवळ येतो तसा घरी बनवलेल्या कॅलेंडरची पानं फाडत बसतो. म्युनिकचा प्रकाशक गेरहार्ड लांग लहान होता तेव्हा त्याच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस बिस्किटं लावून दिली होती. दिवसाला एकच खायचं. मोठेपणी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, त्याने आईची ही युक्ती छापून विकायला काढली. बिस्किटांऐवजी रंगीत चित्रं होती, रोज एक कापायचं आणि चिकटवायचं. उघडणारी चिमुकली दारं आली ती १९२०च्या सुमारास.

दाराआड तेव्हा नुसतं चित्र असे. घोडा, तारा, भोवरा. ते पाहायचं आणि दार लोटून द्यायचं, एवढाच खेळ. आजच्या मुलाला हे कसं पुरलं असतं, देव जाणे.

महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईत खासगी छपाई बंद पडली, पण नाझी पक्षाने स्वतःची नाताळपूर्व कॅलेंडरं काढली, ख्रिस्ती चित्रं वगळून. मुलांच्या वाट पाहण्यावर कुणाचा ताबा असावा, हे पक्षालाही कळत होतं. युद्धानंतर १९४६ मध्ये श्टुटगार्टच्या रिचर्ड झेलमरने अमेरिकी लष्कराच्या परवानगीने पुन्हा छपाई सुरू केली. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नातवंडांचं अशा कॅलेंडरसोबतचं छायाचित्र अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि तिथे मागणी वाढली. पुढे दाराआड चॉकलेट आलं, मग अत्तरं, मग मद्याच्या बाटल्या. टिफनी या जवाहिऱ्यांनी २०१९ मध्ये विक्रीला ठेवलेल्या कॅलेंडरची किंमत होती १,१२,००० डॉलर. एका आईने बिस्किटांवर घातलेला लगाम तो हाच, हे सांगूनही खरं वाटू नये.

रविवारांचंही तेच झालं. नाताळआधीच्या तीन रविवारांना जर्मन व्यापाऱ्यांनी तांब्याचा, चांदीचा आणि सोन्याचा अशी नावं दिली होती; ती गल्ल्याच्या हिशेबानेच. पण तिथे कायदा आडवा येऊ शकतो. १९१९च्या वायमार राज्यघटनेने रविवार हा कामातून विसाव्याचा आणि आत्मिक उन्नतीचा दिवस म्हणून राखून ठेवला, आणि ते कलम आजच्या घटनेतही जसंच्या तसं आहे. २००६ मध्ये बर्लिनने आगमनकाळाच्या चारही रविवारी दुकानं उघडायला मोकळीक दिली, तेव्हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक चर्च दोघंही घटना न्यायालयात गेले. १ डिसेंबर २००९ रोजी निकाल त्यांच्या बाजूने लागला. ग्राहकाला खरेदीची हौस आहे आणि दुकानदाराला नफा हवा आहे, एवढं कारण रविवार मोडायला पुरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. फक्त तो कायदा वर्षअखेरपर्यंत चालू ठेवायला न्यायाधीशांनी संमती दिली. त्यामुळे त्या डिसेंबरात उरलेल्या तिन्ही रविवारी बर्लिनच्या दुकानांना शटर उघडं ठेवता आलं.