सहा सूत, एम २० आणि आबांचा डबा



पांडेसऱ्याच्या आठवणी लिहायला बसलं की लूम येतात, डाइंग-प्रिंटिंगच्या मिला येतात, उधन्याला उतरवणारी भुसावळकडची पॅसेंजर येते. पण त्या मिला ज्या लोखंडी शेडमध्ये चालतात, त्या शेड उभ्या करणाऱ्यांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. आज त्यांच्याबद्दल लिहितो. विषय दिसायला लहान आहे: बोल्ट, नट आणि वायसर. पोस्ट मात्र मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आमचे आबा १९७३ साली दोंडाईच्याहून गाडीत बसले आणि सुरतेला आले. ७२ च्या दुष्काळानं शेतात काही ठेवलं नव्हतं. गावचे बरेच लोक लूमवर लागले. आबांना लूमचा आवाज सोसला नाही, म्हणून ते शेड बांधणाऱ्या एका ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून चिकटले. पुढे फिटर झाले. बमरोली रोडपासून भेस्तानपर्यंत कितीतरी शेडच्या कैच्या त्यांच्या टोळीनं चढवल्या. अँगलच्या कैच्या, वर चॅनेलच्या पर्लिन, त्यावर जे-हूकनं आवळलेले सिमेंटचे पत्रे. पांडेसऱ्यातली जुनी शेड म्हणजे हेच.

त्या काळी त्यांच्या हातात येणाऱ्या ड्रॉइंगवर बोल्टबद्दल फार तर एवढंच असायचं: ‘बोल्ट पाच सूत’. बाकी सगळं फिटरनं ठरवायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. चार सूत म्हणजे अर्धा इंच, पाच सूत म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर, सहा सूत म्हणजे १९. लांबी किती घ्यायची? आबा पट्ट्या एकावर एक धरायचे, बोल्ट शेजारी लावायचे आणि बोटानं मोजायचे. पट्ट्यांची जाडी, वायसर, नट, आणि नटाच्या बाहेर किमान दोन आटे. समजा १२ मिलिमीटरच्या दोन प्लेटा आहेत आणि २० चा बोल्ट आहे. प्लेटा मिळून २४, वायसरचे ३, नटाचे १८ धरा, दोन आट्यांचे ५. झाले ५०. आबांनी हा हिशेब कधी कागदावर केला नाही, पण पोत्यातून काढलेला बोल्ट क्वचितच परत पोत्यात जायचा.

त्यांच्याकडे डालड्याचा एक जुना डबा होता. त्यात नमुन्याचे नट. कुठलाही बोल्ट वर चढायच्या आधी त्यावर नट हातानं पूर्ण फिरवून बघायचा, असा त्यांचा नियम होता. नवीन पोरं कंटाळायची. पण या नियमामागे मोठा इतिहास आहे, तो मला फार उशिरा कळला.

१८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ या माणसानं आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे, एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला लागेलच असं नाही. व्हिटवर्थचा आटा ५५ अंशांचा, मोजमाप इंचात. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला, रेल्वेत आला, गिरण्यांत आला. स्वातंत्र्यानंतर १९५६ चा वजन-मापांचा कायदा झाला आणि देश मेट्रिककडे वळला. मेट्रिक आटा ६० अंशांचा, मोजमाप मिलिमीटरमध्ये. कायदा एका दिवसात होतो, पण बाजारातला माल एका दिवसात बदलत नाही. आबांच्या काळात दुकानातून मेट्रिक बोल्ट यायचा, आणि भंगारातून, जुन्या मशिनींतून इंची माल येतच राहायचा. दोन्ही एकाच पोत्यात.

आता गंमत बघा, खरं तर गंमत नाही, धोका. सहा सुताच्या व्हिटवर्थ बोल्टचे दोन आटे एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर असतात. एम २० चे २.५ वर. फरक जवळजवळ नाहीच. त्यामुळे सहा सुताच्या बोल्टवर एम २० चा नट फिरतो, खाली जातो, बसल्यासारखा वाटतो. पण बोल्ट १९ चा आणि नट २० चा, आट्यात आटा पुरता अडकत नाही. जोरात आवळला तर आटे सोलून निघतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कधी कधी निघत नाहीत, तसेच भार घेऊन वर राहतात. आबा बोटांनी नट किंचित हलवायचे. डुगडुगला की फेकला. डबा त्यासाठी होता.

त्यांच्याही आधीची पिढी रिव्हेटची. एकजण भट्टीत रिव्हेट लाल करणार, चिमट्यानं फेकणार, दुसरा झेलणार, तिसरा मागून दाबून धरणार, चौथा ठोकणार. १९४३ चा कोलकात्याचा हावडा पूल असा रिव्हेट ठोकून उभा आहे. रिव्हेट गेले ते या चार माणसांच्या मजुरीमुळे आणि ताकदीच्या बोल्टमुळे. १९३४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रयोगातून दिसलं की मजबूत पोलादाचा बोल्ट पुरेसा आवळला तर प्लेटा एकमेकांवर इतक्या दाबल्या जातात की घर्षणच भार धरतं. अमेरिकेत १९५१ साली त्याचे पहिले नियम निघाले. आपल्याकडे ते बोल्ट आयएस ३७५७ या मानकात आले, त्यांचे नट आयएस ६६२३ मध्ये, वायसर आयएस ६६४९ मध्ये.

पांडेसऱ्याच्या फिटरांना हे बोल्ट भेटले ते हजिऱ्याला. १९८० च्या दशकात तिकडे खताचा, मग पोलादाचा असे मोठे प्रकल्प उभे राहू लागले. आपली कितीतरी खान्देशी पोरं सकाळी बसनं हजिऱ्याला जायची. आबाही दोन वर्षं गेले. तिकडे बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा उठवलेला. सुपरवायझरनं अर्थ सांगितला, तो आबांनी घरी येऊन मला पाटीवर लिहून दाखवला. पहिला आकडा गुणिले १००, म्हणजे तुटायची ताकद, चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन. दोन्ही आकड्यांचा गुणाकार गुणिले १०, म्हणजे कायमचा ताणला जाण्याची हद्द, ६४०. नेहमीचा काळा बोल्ट ४.६ चा, त्याचे ४०० आणि २४०. आबा सातवी शिकलेले. माझा गुणाकार असा पक्का झाला.

मी डिप्लोमा केला आणि २००६ मध्ये सुरतेतल्याच एका डिटेलिंगच्या ऑफिसात लागलो. काम टेकला या सॉफ्टवेअरवर. ही फिनलंडची कंपनी, १९६६ ची. ९० च्या दशकात त्यांनी एक्सस्टील आणलं, २००४ पासून त्याला टेकला स्ट्रक्चर्स म्हणू लागले, २०११ मध्ये ती अमेरिकेच्या ट्रिम्बलकडे गेली. आपल्या कोकण रेल्वेच्या चिनाब पुलाच्या डिटेलिंगलाही हेच सॉफ्टवेअर होतं. सगळी इमारत आधी स्क्रीनवर उभी करायची, प्रत्येक भोकासकट, आणि मग त्यातून ड्रॉइंग आणि याद्या काढायच्या.

त्यात बोल्टची एक खिडकी उघडते. मानक कोणतं? साईज किती? कारखान्यात लागणार की साईटवर? भोकाला मोकळीक किती? आयएस ८०० नुसार २० च्या बोल्टला २२ चं भोक. आटे प्लेटच्या आत आलेले चालतील का? हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण २० च्या बोल्टचं पूर्ण क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर, पण आट्यांच्या जागी फक्त २४५. दोन प्लेटा जिथे एकमेकींवरून सरकू पाहतात, तिथे आटे आले तर बोल्टची ताकद तेवढी कमी धरावी लागते. मग खाली बोल्टचं छोटं चित्र आणि त्यावर खुणा करायच्या चौकटी: डोक्याखाली वायसर हवा का, नटाखाली हवा का, एक नट की दोन. लांबी सॉफ्टवेअर स्वतः काढतं. प्लेटांची जाडी, वायसर, नट, वर थोडं जास्तीचं, आणि मग कॅटलॉगमधली पुढची मिळणारी लांबी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. ही तर आबांची बोटं.

आता माझी चूक सांगतो. २०१२ चा पावसाळा. एका मिलच्या शेडमध्ये माल उचलायचा होइस्ट लटकवायचा होता. वर आयएसएमबी बीम, त्याला खालून दुसरा बीम आडवा, फ्लँजला फ्लँज लावून बोल्ट. १२ जागा, प्रत्येक जागी ४, एकूण ४८ बोल्ट. मी खिडकीत नेहमीचा संच निवडला, नटाखाली वायसरची खूण केली आणि पुढे गेलो. मॉडेलमध्ये सगळं सरळ, सुंदर दिसत होतं. यादी निघाली: ४८ बोल्ट, ४८ नट, ४८ वायसर. माल साईटवर गेला.

त्या रात्री यादीची प्रत घरी टेबलावर पडली होती. आबांचे गुडघे गेल्यामुळे ते घरीच असायचे. चष्मा लावून वाचायला काही नसलं की माझे कागद वाचायचे. म्हणाले, “हाऊ बोल्ट कोठे बसस रे?” मी म्हटलं, “आबा, बीमच्या फ्लँजला.” ते गप्प झाले. मग म्हणाले, “तिरके वायसर कुठे आहेत?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आयएसएमबी बीमच्या फ्लँजची आतली बाजू सपाट नसते, सुमारे ८ अंशांचा उतार असतो. चॅनेलला ६ अंशांचा. उतारावर बोल्टचं डोकं किंवा नट सरळ टेकत नाही, एका कडेवर टेकतो. आवळत गेलं की बोल्टचा दांडा वाकतो. म्हणून एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ असा चौकोनी तिरका वायसर लागतो, बीमसाठी आयएस ५३७४ चा, चॅनेलसाठी आयएस ५३७२ चा. माझ्या जोडात डोकं आणि नट दोन्ही उतारावर होते. म्हणजे ९६ तिरके वायसर हवे होते, आणि ते आले की बोल्टची लांबीही वाढणार होती. माझ्या यादीत एकही नव्हता.

सकाळी सहाला फोन केला. तोपर्यंत २० बोल्ट आवळून झाले होते. मी साईटवर गेलो, ते उघडायला लावले. दांडे उघड दिसावे इतके वाकलेले. पुन्हा वापरण्यासारखे नव्हते. नवे बोल्ट आणि वायसर यायला तीन दिवस लागले, क्रेन उभी राहिली, ऑफिसात जे ऐकायचं ते ऐकलं. चूक माझीच होती. पण मला त्या बोलण्यापेक्षा दुसरंच आठवतं. होइस्टच्या बरोबर खाली ताग्यांची थप्पी होती आणि तिथे आपल्याच गल्लीतली तीन पोरं काम करत होती. त्यांच्यातल्या एकाची माय आमच्या घरी पापड लाटायला यायची.

घरी आल्यावर आबा काही बोलले नाहीत. डबा काढला, तळातून एक गंजलेला तिरका वायसर काढून माझ्या हातात ठेवला. तो आजही माझ्या कीबोर्डशेजारी आहे.

सॉफ्टवेअरला मी दोष देत नाही. त्यात तिरका वायसर घालता येतो, संच नव्यानं बनवता येतो. पण तो लागतो हे विचारणारी चौकट त्यात नव्हती, ते माणसाला माहीत असावं लागतं. आणि आम्हा सुरतवाल्यांना ते कुठून कळलं, तर पोत्यातून बोल्ट निवडणाऱ्या या लोकांकडून. त्यांची नावं कुठल्या ड्रॉइंगवर नाहीत. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘काढलं’ आणि ‘तपासलं’ या दोनच जागा असतात.

आबा २०१९ मध्ये गेले. आता माझ्या हाताखाली नवी मुलं आहेत, दोघी मुली लिंबायत आणि डिंडोलीच्या. पहिल्या दिवशी मी त्यांना कॉम्प्युटर उघडू देत नाही. डबा पुढे ठेवतो. नट फिरवा, डुगडुगतो का बघा, लांबी बोटानं मोजा. मग खिडकी उघडायची.

मंडळी, तुमच्या घरात कुणी फिटर, खलाशी, वेल्डर होते का? पांडेसरा, उधना, सचिनच्या कुठल्या शेड त्यांनी चढवल्या? आठवत असेल तेवढं लिहा. डबा असेल तर फोटोही टाका.