पटावरचं रिंगण

पॅसिफिक महासागरातल्या युद्धाचा कुठलाही खेळ घ्या, पुठ्ठ्याच्या सोंगट्यांचा असो की संगणकावरचा. दोस्त राष्ट्रांची बाजू घेऊन बसणाऱ्याच्या दोन गोष्टी लवकरच अंगवळणी पडतात. पहिली, सुरुवातीचे महिने मार खायचा, फिलिपाइन्स वाचवायला धावायचं नाही, तेल आणि गोद्यांची सोय लावत एकेक बेट घेत सरकायचं. दुसरी, विमानवाहू नौका मधोमध ठेवायची आणि भोवती क्रूझर-विनाशिकांचं रिंगण धरायचं. दोन्ही गोष्टी युद्धातून खेळात आल्या, असं बहुतेक जण धरून चालतात. माझं म्हणणं उलट आहे. त्या खेळातून युद्धात गेल्या आणि तिथून खेळात परतल्या. रिंगणाचं तर जन्मस्थानही दाखवता येतं. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टचं नेव्हल वॉर कॉलेज, १९२२-२३ चा वर्ग.

आधीच्या पिढ्या थोडक्यात उरकतो. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या हेल्विगने बुद्धिबळाचा पट मोठा करून त्यावर लढाई मांडली. १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झने चौकटी बाजूला सारून खरा नकाशा घेतला आणि पंच, फासे आणले. अपघातात एक डोळा गमावलेल्या विल्यम मॅकार्टी लिटल या अधिकाऱ्याने १८८७ पासून हा प्रकार न्यूपोर्टला रुजवला. इंग्लंडात फ्रेड जेनने १८९८ मध्ये स्वतःच्या आरमारी खेळाच्या जोडीला जगातल्या युद्धनौकांची जंत्री काढली. तीच आजची 'जेन्स फायटिंग शिप्स'. त्याच्या खेळात तोफ डागायची म्हणजे लांब दांड्याच्या फळीने जहाजाच्या चित्रावर फटका मारायचा. फळीत एक टाचणी असे, तीही मध्यावर नव्हे, म्हणजे नेम कितीही धरा, थोडा हुकणारच. समुद्रावरच्या तोफखान्याची अनिश्चितता इतक्या स्वस्तात दुसऱ्या कुणी पकडलेली मी पाहिली नाही.

न्यूपोर्टचा पट याहून कितीतरी काटेकोर होता. चौकटींनी आखलेला भला मोठा पट, त्यावर चिमुकली जहाजं आणि मध्ये पडदे, म्हणजे आपल्या जहाजांना दिसेल तेवढंच आपल्याला दिसणार. लढाईतली एक चाल म्हणजे प्रत्यक्षातली तीन मिनिटं. प्रत्येक जहाजाचं आयुष्य चौदा इंची गोळ्यांच्या हिशेबात मोजलेलं असे. इतके गोळे लागले की वेग उतरला, इतके लागले की बुडालं. निळा रंग अमेरिकेचा, नारिंगी जपानचा. पुढे १९३४ मध्ये उभारलेल्या प्रिंगल हॉलमध्ये तर अख्खी जमीनच पट झाली.

१९२२-२३ च्या वर्गात चेस्टर निमिट्झ होता, पुढे पॅसिफिक ताफ्याचा सरसेनापती झालेला. त्याचा वर्गबंधू होता कमांडर रॉस्को मॅकफॉल. त्या काळी जो तो जटलंडची १९१६ मधली लढाई घोटत असे, आणि तिथला मोठा प्रश्न होता तो प्रवासातल्या रांगांमधून लढाईच्या रांगेत यायचा. लांब रांगांचा ताफा दिशा बदलू लागला की कोण पुढे, कोण मागे, यात मोलाचा वेळ जाई आणि गोंधळ होई. मॅकफॉलने पटावर वेगळंच मांडलं. मध्ये बॅटलशिपा, त्यांच्याभोवती एकात एक वर्तुळांत क्रूझर आणि विनाशिका. वर्तुळाला पुढची बाजू नसते. सगळ्यांनी एकाच वेळी सुकाणू वळवलं की ताफ्याची दिशा बदलते, आकार तसाच राहतो. हल्ला कुठूनही येवो, तोंड द्यायला कुणीतरी आधीच त्या बाजूला असतो.

निमिट्झने ही मांडणी पटावरच सोडली नाही. १९२३ मध्ये ॲडमिरल रॉबिसनकडे बॅटल फ्लीटची सूत्रं आली, निमिट्झ त्याच्या हाताखाली गेला आणि रिंगण समुद्रावर उतरलं. १९२४ मध्ये ताफ्यात आलेली लँगली ही अमेरिकेची पहिली विमानवाहू नौकाही त्यात घेतली गेली. रात्रीच्या अंधारात, रडारशिवाय, वर्तुळातली आपली जागा धरून ठेवणं जिकिरीचं होतं. कप्तान कुरकुरत. रॉबिसन गेल्यावर रिंगण मागे पडलं आणि विमानवाहू नौकांचा जोर वाढल्यावर पुन्हा वर आलं.

इथे प्रतिपक्षाचा मुद्दा मांडायला हवा. तो असा की, मॅकफॉल नसता तरी रिंगण आलंच असतं. १९२३ ते १९४० दरम्यान अमेरिकी आरमाराने 'फ्लीट प्रॉब्लेम' नावाच्या एकवीस मोठ्या कवायती समुद्रावर केल्या, विमानं आकाशातून कुठूनही येतात हे तिथे कळलं आणि गरजेपोटी वर्तुळ जन्मलं. शिवाय मॅकफॉलच्या रिंगणाच्या मध्यावर बॅटलशिपा होत्या, विमानवाहू नौका नव्हत्या. हा शेवटचा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. पण मध्यावरचं जहाज बदललं म्हणून आकृती परकी होत नाही. कवायती गाजवणाऱ्या ॲडमिरल रीव्ह्जचंच पाहा. १९२९ मध्ये साराटोगा ही विमानवाहू नौका ताफ्यापासून वेगळी काढून पनामा कालव्यावर लुटुपुटीचा हल्ला झाला, त्यामागे हाच माणूस. तोही न्यूपोर्टच्या पटावरूनच आलेला. समुद्र ही परीक्षा होती, अभ्यास पटावर झाला होता.

आता बेटाबेटाने सरकण्याच्या चालीकडे. तिचं पितृत्व सांगणारे तिघे आहेत. मरीन दलाच्या अर्ल एलिसने १९२१ मध्येच मायक्रोनेशियातली बेटं कशी घ्यायची याचा आराखडा लिहिला. १९२३ मध्ये पलाऊ बेटावर, जपानच्या नजरेखाली, तो मरण पावला आणि तेव्हापासून त्याच्याभोवती दंतकथांचं वलय आहे. दुसरा इंग्रज पत्रकार हेक्टर बायवॉटर. त्याने १९२५ मध्ये अमेरिका-जपान युद्धावर कादंबरी लिहिली, आणि दोन्हीकडच्या सेनानींनी तिच्यातूनच धडे घेतले असं विल्यम होनन यांनी एक अख्खं पुस्तक लिहून मांडलं. तिसरा दावेदार न्यूपोर्टचा पट.

माझं मत पटाच्या बाजूने आहे. बेटं कशी घ्यायची हे एलिसने सांगितलं, पण ती घेतल्याशिवाय गत्यंतर नाही हे आरमाराच्या गळी कुणी उतरवलं? तिथे 'थेट मनिला' या योजनेचं वजन मोठं होतं. हवाईहून सगळा ताफा घेऊन सुमारे साडेआठ हजार किलोमीटर एका दमात कापायचे आणि निर्णायक लढाई द्यायची. पटावर ही धाव पुनःपुन्हा घेतली गेली. वाटेत पाणबुड्या चावे घेत, विमानं त्रास देत, आणि ताफा पोचे तेव्हा तेल संपत आलेलं, जखमी जहाजांना घ्यायला पुरेशी गोदी नाही. आपलीच निळी जहाजं हिशेबाच्या कागदावर एकेक करून खोडावी लागली की कुणाचंही मत बदलतं. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मार्शल आणि कॅरोलाइन बेटांतून टप्प्याटप्प्याने जाण्याचा विचार योजनेत पक्का झाला. बायवॉटरच्या कादंबरीत बेटं आहेत, पण गोदीचं आणि तेलाचं हे रोजचं रडगाणं कादंबरी वाचून अंगात मुरत नाही.

निमिट्झने पुढे सांगितलं होतं की हे युद्ध न्यूपोर्टच्या खोल्यांत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी खेळून पाहिलं होतं की आत्मघातकी कामिकाझे हल्ल्यांखेरीज कशाचंच नवल वाटलं नाही. जपानीही खेळत होते. मिडवेच्या लढाईपूर्वी यामातो या युद्धनौकेवर झालेल्या सरावात फाशांनी बुडवलेली कागा ही विमानवाहू नौका पंच असलेल्या उगाकीने पुढच्या डावात पुन्हा तरंगवली, असं फुचिदा आणि ओकुमिया हे जपानी आरमारी अधिकारी लिहून गेले आहेत.

मग रिंगण खेळात परतलं कसं? १९६४ मध्ये ॲव्हलॉन हिल कंपनीने 'मिडवे' हा पटखेळ काढला. त्यात लढाईच्या वेगळ्या पटावर विमानवाहू नौकेभोवती क्रूझर अशा मांडायच्या की त्यांच्या विमानविरोधी तोफांचा मारा एकवटेल. मॅकफॉलचं रिंगणच ते. या खेळाचा तांत्रिक सल्लागार होता वेड मॅक्लस्की, ४ जून १९४२ रोजी एंटरप्रायझवरून उडून जपानी नौकांवर डाइव्ह-बाँबर घेऊन कोसळलेला. जपानी रक्षक जहाजं आपल्या विमानवाहू नौकांपासून बरीच फाकलेली असत. वरून तो फरक ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्यानेच रिंगणाचा आग्रह धरला असणार, असा माझा तर्क आहे.

२००९ च्या 'वॉर इन द पॅसिफिक: ॲडमिरल्स एडिशन' या संगणकखेळात एक चाल म्हणजे एक दिवस आणि एक षट्कोन म्हणजे चाळीस सागरी मैल. नकाशा इतका पसरलेला की त्यावर आपलं मुंबई बंदरही आहे. तिथे १९४५ गाठलेले दोस्त-खेळाडू आणखी एक गोष्ट करतात. मुख्य ताफ्याच्या बऱ्याच पुढे, कामिकाझे ज्या बाजूने येतील तिकडे, विनाशिकांची छोटी पथकं पेरून ठेवतात. रिंगणाचं हे बाहेरचं कडं मात्र न्यूपोर्टच्या खात्यावर मांडता येत नाही. ते ओकिनावाभोवतीच्या रडार-पहाऱ्यावर, फार मोठी किंमत मोजून, तिथल्या विनाशिकांनी उभं केलं.