मन, आणि मग तीन-तीन अक्षरं

गाण्याच्या भेंड्यांत ‘म’ आला की आमच्या मेहरूणकडच्या घरांत पहिलं गाणं ठरलेलं असतं, ‘मन वढाय वढाय’. ते रचणाऱ्या बहिणाबाई इथल्याच. त्यांचं माहेर असोदा जळगावपासून हाकेच्या अंतरावर, सासर जुन्या जळगावात; आणि बोरांसाठी नावाजलेलं, तलावाकाठचं मेहरूण आज जळगाव शहरातच मोडतं. त्यामुळे हे गाणं आम्ही हक्कानं आधी म्हणतो. पुन्हा ‘म’ आला की कुणी तरी ‘मन उधाण वाऱ्याचे’ घेतं, मग ‘मन रानात गेलं गं’, मग संदीप खरे यांचं ‘मन तळ्यात मळ्यात’. वडीलधारं माणूस असेल तर ते तुकोबांकडे वळतं, ‘मन करा रे प्रसन्न’.

ही पाच नावं एकाखाली एक लिहून अक्षरं मोजा. प्रत्येकात आठ भरतात. आणखी बारकाईनं पाहिलं तर आठांची फोडही एकच निघते, दोन, तीन, तीन. मन, वढाय, वढाय. मन, उधाण, वाऱ्याचे. मन, तळ्यात, मळ्यात. मन, रानात, गेलं गं. मन, करा रे, प्रसन्न. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ पाहायचं नाही. देहूचा संत, असोद्याची शेतकरीण आणि आजच्या चित्रपटांचे गीतकार यांच्या गाण्यांच्या तोंडी हा एकच साचा आहे. कुणी कुणाची नक्कल केली असं मला मुळीच म्हणायचं नाही. साचा त्यांच्या आधीपासून मराठीत होता. ज्याला त्याला तो कानातून मिळाला.

त्याचं मूळ अभंगाच्या रचनेत आहे. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा आणि चार अक्षरं येतात. छोट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण. तुकोबांचा ‘मन’वाला अभंग या दुसऱ्या घरातला. आठ अक्षरांचा चरण टाळावर सहज बसतो, पाठ व्हायला सोपा, आणि निरक्षर माणसालाही त्यात नवी ओळ घालता येते. मुक्ताबाईची पालखी आमच्या मुक्ताईनगरहून दरवर्षी पंढरपूरला जाते; गावोगावी भजनं होतात. खानदेशात अष्टाक्षरी कानावर पडायला पोथी उघडावी लागत नाही.

‘मन’ हा शब्द या छंदाला इतका का मानवला? अक्षरछंदात लघु-गुरूचं बंधन नसतं, म्हणून ‘मन’मधली दोन्ही ऱ्हस्व अक्षरं गळ्याला हवी तेवढी ताणता येतात. म्हणणारा पहिल्याच शब्दावर रेंगाळतो, सूर लावून घेतो आणि मग पुढच्या तीन-तीन अक्षरांवर झपाट्यानं उतरतो. हीच सोय गणवृत्तात नाही, आणि याचा पुरावा समर्थ रामदासांकडे आहे. मनाचे श्लोक २०५, सगळे भुजंगप्रयात वृत्तात. या वृत्तात प्रत्येक चरणाची सुरुवात एका लघूनं आणि त्यामागून दोन गुरूंनी व्हावी लागते. ‘मन’ तिथे बसूच शकत नाही, कारण त्याची दोन्ही अक्षरं लघु. ‘मना’ मात्र चपखल बसतं. एवढे श्लोक ‘मना’ अशा हाकेनं सुरू होतात, त्यात उपदेशाची गरज आहेच, पण वृत्ताचीही आहे. समर्थांना समोर बसवून समजवायला मन हवं होतं, आणि वृत्तानं त्यांना नेमकं तेच रूप दिलं. म्हणून त्यांचं घर वेगळं. बहिणाबाईंच्या गाण्याचं नातं तुकोबांच्या चरणाशी लागतं.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. लहान वयात लग्न, ऐन उमेदीत वैधव्य, पदरात तीन मुलं, शेतात आणि जात्यावर जन्मभर काम. काम करता करता गाणी होत गेली. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यानं आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरींनी त्यातली काही टिपून ठेवली, म्हणून ती राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी त्या टिपणांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात वसंत पवारांनी त्यातल्या कवितांना चाली दिल्या आणि आमची बोली महाराष्ट्रभर गुणगुणली जाऊ लागली.

‘वढाय’ म्हणजे ओढाळ, हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं गुरू. आमच्या लेवा गणबोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, डोळ्याचा डोया होतो, तसा हा वढाय. रामदासांनी ज्या मनाला समोर बसवून शिकवलं, ते बहिणाबाईंना रोज बांधावर भेटत होतं. उपदेशाच्या जागी त्यांनी पाहणी ठेवली. माझ्या मते या कुळातला खरा बदल इथे घडला. तुकोबा मनाला प्रसन्न करायला सांगतात. बहिणाबाई मन कसं आहे एवढंच सांगतात, आणि बहुतेक कडव्यांना नव्यानं ‘मन’ म्हणून पुन्हा सुरुवात करतात. त्यांच्या नंतरची गाणी याच वाटेनं गेली. २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’मधलं गुरू ठाकूर यांचं ‘मन उधाण वाऱ्याचे’ आणि २००९ च्या ‘जोगवा’मधलं ‘मन रानात गेलं गं’, दोन्हींना अजय-अतुल यांचं संगीत, आणि दोन्हींत मन वाऱ्यासारखं किंवा रानात मोकळं सुटलेलं. त्याला कुणी आवरायला सांगत नाही.

‘मन’ नावानं सुरू होणारी सगळीच गाणी या घरातली नव्हेत. १९३७ च्या प्रभातच्या ‘कुंकू’तलं शांताराम आठवल्यांचं ‘मन सुद्ध तुझं’ दोन-दोन-दोनच्या चालीनं पावलं टाकतं. सुधीर मोघ्यांचं ‘मन मनास उमगत नाही’ मात्रांवर चालतं. दोन्ही मला फार प्रिय आहेत. पण ती शेजारची घरं.

उलट, ‘मन’ नसलेलं एक गाणं याच घरातलं आहे. ‘अरे संसार संसार’ मोजून पाहा. दोन, तीन, तीन. पहिल्या दोन अक्षरांत ‘मन’च्या जागी ‘अरे’ आलं, दुहेरी शब्द तसाच राहिला. बहिणाबाईंच्या जिभेवर हा साचा किती पक्का बसला होता, हे त्यावरून कळतं.

या कुळातली गाणी टिकली ती कुणी तरी वेळेवर लिहून घेतली म्हणून. असोद्यात, मेहरूणात, धुळ्याकडच्या गावांत अजून अशा आज्या आणि मावश्या आहेत, ज्यांना जात्यावरची, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरची गाणी येतात. त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या. त्या म्हणतील तशीच अक्षरं ठेवा. ‘ळ’च्या जागी ‘य’ आला तर तो दुरुस्त करू नका.