मिलोची भाकरी आणि माणशी अर्धा एकर

स्मरणिका समितीने मला 'आपल्या परिसराचा इतिहास, दीड पानात' असा विषय दिला. कारखाना, शाळा, देवस्थान यांच्यावर इतर सभासद लिहीत आहेतच. मी तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तितकीच वर्षं दोन वेळच्या भाकरी थापल्या. तेव्हा मी भाकरीचा इतिहास लिहिते. कोऱ्हाळ्याच्या भाकरीचा इतिहास म्हणजे बराचसा पाण्याचाच इतिहास आहे.

सोसायटीतल्या मुलांना नीरा डावा कालवा म्हणजे पोहायची बंदी असलेली जागा एवढंच माहीत. हा कालवा कशासाठी काढला, असं मी एकदा वर्गात विचारलं तर निम्म्या मुलांनी उत्तर दिलं, "उसासाठी." तसं नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनमध्ये भयंकर होता. माणसं अन्नावाचून गेली. त्यानंतर दुष्काळापासून बचाव म्हणून इंग्रज सरकारनं हा कालवा काढला. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं आणि पुढं वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण पुरं झालं. हेतू असा, की पाणी थोडं थोडं पुष्कळ रानांना मिळावं आणि पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी हाती लागावी.

झालं निराळंच. पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीला कालव्याचं पाणी कुणी मागेना. पाणीपट्टी फुकट कोण भरणार? मग सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यावर आले, त्यांनी ऊस लावला, गूळ केला आणि बघता बघता इतरांनीही तेच केलं. पुढं सहकारी साखर कारखाने झाले. भाकरीसाठी आलेलं पाणी असं साखरेकडं वळलं. यात मी कुणाला दोष देत नाही. माझं डी.एड. उसाच्या बिलावर झालं, आणि आपल्या सोसायटीतल्या किती फ्लॅटचा पहिला हप्ता उसाच्या पैशातून गेला, हे ज्याचं त्याला ठाऊक.

पण १९७२ साली या बागाईत पट्ट्याचीही परीक्षा झाली. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या रानात ऊस होता, घरात मात्र धान्याची कणगी रिकामी. बाजरी आम्ही पेरतच नव्हतो. ती यायची आत्याकडून, पुरंदरच्या जिरायतीतून. आत्या बाजरी, मटकी, हुलगा पाठवायची आणि आम्ही गुळाची ढेप द्यायचो. त्या वर्षी आत्याच्याच घरी काही पिकलं नाही. मग बागाईतदाराची पोरं आणि जिरायतदाराची पोरं रेशनच्या एकाच रांगेत पिशव्या घेऊन उभी. मिळायचा तो मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, तव्यावर टाकताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. आई पीठ उकडीचं करून बघायची, तरी तेच. आजी म्हणायची, "जनावराच्या तोंडचं आपल्या ताटात आलं." पण ताटात काहीतरी आलं, हेही खरंच.

वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. सरकारनं गावोगाव दुष्काळी कामं काढली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसं होती. रस्ते, नालाबांध, पाझर तलाव आणि खडी फोडणं. नुसत्या मिलोवर उन्हात हातोडा चालत नाही. म्हणून कामावर सुकडी वाटायचे. भाजलेल्या पिठाचा तो गोड भुगा. आत्या खडीच्या कामावर होती. ती आपल्या वाट्याची सुकडी पदराला बांधून पोरांना आणायची. साहेब लोक म्हणायचे, इथंच खा, ती तुमच्यासाठी आहे. कुठली आई ऐकणार?

त्या काळात पोटाचा विचार करणारी माणसंही उभी राहिली. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. काम मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांची. तिच्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. बारामतीच्या जिरायती भागात शरद पवार आणि त्यांचे बंधू अप्पासाहेब यांनी कामाच्या बदल्यात धान्य या पद्धतीनं पाझर तलावांची कामं करवून घेतली.

मला मात्र सगळ्यात जास्त शिकवलं ते विलासराव साळुंखे यांच्या कामानं. हे पुण्यातले इंजिनिअर, स्वतःचा कारखाना असलेले. दुष्काळात पुरंदरमध्ये फिरताना त्यांनी खडी फोडणारी माणसं पाहिली. या माणसांना आज मजुरी मिळते, पण उद्या पाऊस पडला तरी रानात पाणी थांबणार आहे का, हा प्रश्न त्यांना पडला. नायगावला त्यांनी देवस्थानची चाळीस एकर माळरान जमीन खंडानं घेतली, तिथं येऊन राहिले, बांध घातले, तलाव केला, विहीर काढली. १९७४ साली ग्राम गौरव प्रतिष्ठान झालं. माळावर धान्य पिकलं तशी शेजारची गावं विचारायला येऊ लागली.

त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम आमच्या कालव्यावरच्या माणसाला उफराटे वाटायचे. पाणी जमिनीच्या हिशेबानं द्यायचं नाही, माणसांच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घराला जास्तीत जास्त अडीच एकराचं. ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. योजनेचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः भरायचा. आणि ऊस लावायचा नाही.

आत्याच्या गावात योजना आली तेव्हा मी नोकरीला लागले होते. आत्याच्या यजमानांना आम्ही मामा म्हणायचो. मामांची जमीन अकरा एकर, घरात माणसं पाच. म्हणजे पाणी अडीच एकराला. शेजाऱ्याची जमीन तीन एकर, माणसं पाच, त्यालाही अडीचच. मामा पंधरा दिवस घरात कुणाशी बोलले नाहीत. शेवटी आत्या म्हणाली, "अकरा एकर असून आपण मिलो खाल्ला ना? मग?" मामांनी पैसे भरले. पुढं तेच पाटकऱ्याच्या मागं फिरून कुणाची पाळी किती तास, ते बघायचे. मुंबईला हमालीला गेलेला त्यांचा धाकटा भाऊ परत आला. त्या अडीच एकरात बाजरी, गहू, कांदा, थोडा हरभरा आणि बांधावर घेवडा असायचा. घरातलं खाऊन उरेल तेवढंच बाजारात.

सगळ्या योजना टिकल्या नाहीत. कुठं विजेचं बिल थकलं, कुठं आपसात बिनसलं, कुठं उसाचा मोह झाला. साळुंखे २००२ साली गेले. त्यांच्या पत्नी कल्पनाताईंनी काम पुढं चालवलं. (जाता जाता, गेल्या उन्हाळ्यात आपल्या सोसायटीत टँकरचं पाणी फ्लॅटवारी की माणसावारी, यावर रात्री अकरापर्यंत सभा चालली. मी माणसावारीच्या बाजूनं हात वर केला होता. आम्ही चौघंच होतो. इतिवृत्तात नोंद आहे.)

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा दर पौषात भोगीच्या आधी मोटारसायकलवर बाजरीचं पोतं बांधून येतो. नवी बाजरी, हिरवट छटेची. भाकरीला तीळ लावून पहिली त्यालाच वाढते. जाताना तो गुळाची ढेप घेऊन जातो.