वास्तुशैली, संगीत आणि अध्यापक

वास्तुशैलींचा इतिहास शिकविणाऱ्यास एक अडचण नेहमींच जाणवते. रोमनेस्क कमान अर्धवर्तुळाकार आणि गॉथिक कमान टोकदार, एवढें फळ्यावर काढून दाखविलें म्हणजे विद्यार्थी तें वहींत उतरून घेतो. परंतु त्या वास्तूंत उभें राहिलें असतां मनास काय वाटतें, हें त्याला कळत नाहीं. म्हणून आम्ही गेलीं अनेक वर्षें वर्गांत चित्रांबरोबर त्या त्या काळचें संगीतहि ऐकवीत आलों आहों. या पद्धतीचा लाभ मोठा आहे. पण तिच्यांत एक मोह दडलेला आहे, आणि त्याला आम्ही स्वतः बळी पडलों होतों.

फ्लॉरेन्सच्या महामंदिरावरील ब्रुनेलेस्कीचा प्रचंड घुमट पुरा होत आला, तेव्हां २५ मार्च १४३६ रोजीं पोप चौथा यूजीन याच्या हस्तें मंदिराची प्रतिष्ठापना झाली. त्या प्रसंगासाठीं गियोम द्युफे यानें एक स्तोत्र रचिलें. त्याच्या चार खंडांच्या कालमानांचें प्रमाण ६:४:२:३ असें आहे. १९७३ सालीं चार्ल्स वॉरेन या संशोधकानें असें प्रतिपादिलें कीं, हेंच प्रमाण खुद्द मंदिराच्या मापांत आढळतें. दगडाचें स्वरांत भाषांतर! वर्गांत हें सांगतांना मुलांचे डोळे चमकत. तें पाहून आम्ही एका संशोधकाचें मत सिद्ध गोष्ट म्हणून सांगूं लागलों.

एके दिवशीं एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, मंदिराचीं हीं मापें कोठून कोठपर्यंत घेतलीं आहेत?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. शोध घेतां कळलें कीं, क्रेग राइट यांनीं १९९४ सालींच तें मत खोडून काढिलें होतें. मंदिराचीं मापें त्या प्रमाणांत बसत नाहींत. तें प्रमाण बायबलांत वर्णिलेल्या सॉलोमन राजाच्या मंदिराचें आहे, असें त्यांचें म्हणणें. त्या मंदिराची लांबी ६० हात, पुढील दालन ४० हात, रुंदी २० हात आणि उंची ३० हात सांगितली आहे. पुढें २००१ सालीं मार्विन ट्रॅक्टेनबर्ग यांनीं राइट यांच्या निष्कर्षास आव्हान देऊन वाद पुन्हा उभा केला. म्हणजे आम्ही जें निर्णीत म्हणून शिकविलें, तें विवाद्य होतें.

मग संगीताचा हात सोडून द्यावयाचा काय? मुळींच नाहीं. आंकड्यांच्या साम्यापेक्षां अधिक दृढ असा एक संबंध आहे, आणि तो कानाला पटतो. पॅरिसच्या नोत्र दामचें बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झालें. त्याचें दगडी छत सुमारें ३३ मीटर उंच. तेथें उच्चारिलेला स्वर कित्येक सेकंद घुमत राहतो. इ. स. १२०० च्या आसपास पेरोतँ यानें रचिलेल्या गीतांत खालचा एकच स्वर दीर्घकाळ धरलेला असतो आणि वरचे गळे त्याभोंवतीं फिरतात. अशा नादांत स्वर एकमेकांत मिसळले तरी गीत बिघडत नाहीं. उलट भरून येतें. देवळाच्या गाभाऱ्यांत ओंकार म्हटलेल्या कोणासहि हें सहज उमजेल.

याच्या उलट उदाहरण लाइपझिगच्या सेंट थॉमस मंदिराचें. बाख तेथें १७२३ सालीं संगीतप्रमुख झाला. प्रवचन ऐकण्यासाठीं लोक बसावेत म्हणून प्रॉटेस्टंट पंथीयांनीं त्यांत लाकडी सज्जे बांधिले होते. लाकूड आणि माणसें नाद शोषून घेतात. त्यामुळें बाखच्या रचनेंतील गुंतागुंतीच्या स्वरपंक्ति तेथें स्पष्ट ऐकूं येत, असें ध्वनितज्ज्ञ होप बॅगेनल यांनीं दाखविलें. या एका उदाहरणावरून धर्ममत, इमारत आणि गाणें यांचा परस्परसंबंध विद्यार्थ्यास कळतो. मात्र रचनाकारानें केवळ इमारतीकडे पाहूनच लिहिलें, असें यावरून ठरत नाहीं, हेंहि त्याला सांगितलें पाहिजे.

द्युफेचें स्तोत्र आम्ही आजहि वर्गांत ऐकवितों. त्यानंतर वॉरेन, राइट आणि ट्रॅक्टेनबर्ग या तिघांचीं मतें क्रमानें मांडतों, आणि आमची चूकहि सांगतों. पूर्वीं त्या तासाला मुलें खूष होऊन उठत. आतां तीं वाद घालीत उठतात. इतिहासाच्या अध्यापकास याहून अधिक काय हवें?